ड्रोहेडातला लांब मुक्काम: दिवसा भटकंती, संध्याकाळी सेशन

मुलगी ड्रोहेडाच्या अवर लेडी ऑफ लूर्ड्स रुग्णालयात नोकरीला आहे किंवा मुलगा रोज सकाळच्या गाडीने डब्लिनला कामावर जातो, आणि तुम्ही दोघं दोन-तीन महिन्यांसाठी त्यांच्याकडे निघाला आहात. पहिला आठवडा नातवंडांच्या कौतुकात आणि झोपेचं वेळापत्रक बसवण्यात जातो. दुसऱ्या आठवड्यात मुलं कामावर, नातवंडं शाळेत आणि आपण खिडकीत, अशी पाळी येते. हा लेख त्या दुसऱ्या आठवड्यापासूनच्या मुक्कामासाठी आहे.

ड्रोहेडा हे लाउथ काउंटीतलं गाव. डब्लिनच्या उत्तरेला सुमारे ५० किलोमीटर, बॉइन नदी समुद्राला मिळते तिथून जरा अलीकडे. २०२२ च्या जनगणनेत इथली वस्ती ४४ हजारांच्या वर भरली. म्हणजे पायी फिरता येईल इतकं लहान आणि रोज काहीतरी घडत राहील इतकं मोठं. डब्लिन-बेलफास्ट रेल्वेमार्गावरचं हे स्थानक. पाच हजार वर्षांपूर्वीच्या समाध्या, मठ, रणभूमी आणि समुद्रकिनारा हे सगळं जवळपास. त्यात गावाला संगीताचं वेड. आयरिश पारंपरिक संगीताचा सर्वांत मोठा वार्षिक मेळा, ‘फ्ला क्योल ना हेरन’, २०१८ आणि २०१९ अशी लागोपाठ दोन वर्षं इथेच भरला होता.

एवढं हाताशी असताना आपले लोक काय करतात? पहिल्याच शनिवार-रविवारी भाड्याच्या गाडीतून अर्धा देश पालथा घालतात आणि उरलेले दिवस टीव्हीसमोर काढतात. चार दिवसांसाठी आलेल्याने यादी करावी. लांब मुक्कामाला आलेल्याने वार ठरवावेत.

आठवड्याची घडी

साधी घडी अशी बसते. आठवड्यातला एक दिवस रेल्वेने लांबच्या सहलीचा. दोन अर्धे दिवस जवळच्या फिरण्याचे. एक संध्याकाळ पबातल्या संगीताची, आणि तिचा वार पक्का. जिथे बस नीट पोहोचत नाही ती ठिकाणं शनिवार-रविवारी मुलांच्या गाडीने. बाकीचे दिवस घरचे, वाचनाचे, पावसाचे.

संगीताचा वार पक्का ठेवण्याचं कारण असं की पबातली सेशनं ठरलेल्या वारीच होतात. तेच वादक, साधारण त्याच खुर्च्या. पहिल्या वेळी तुम्ही पाहुणे असता. दोन-तीन वेळा गेलात की काउंटरमागचा माणूस मान हलवतो, शेजारचा म्हातारा हवापाण्याच्या गप्पा सुरू करतो आणि आज वाजवणारा फिडलर कुठल्या गावचा, हेही कळतं. एका रात्रीसाठी आलेल्या पर्यटकाला हे मिळत नाही. तुमच्याकडे आठवडे आहेत, ते वापरा.

सहलीचे वार मात्र सैल ठेवा. आयरिश हवामान खातं, मेट एरन, रोज अंदाज देतं. उद्या किनाऱ्यावर वारा असेल तर संग्रहालय पुढे घ्या, किनारा परवावर ढकला. गावातल्या सार्वजनिक वाचनालयाचा पत्ता पहिल्याच आठवड्यात काढा. वाचनालयांचं सभासदत्व मोफत असतं, उशिराचा दंडही २०१९ पासून बंद आहे, आणि पावसाची दुपार घालवायला याहून चांगली जागा नाही. गावात कुठे काय चाललंय याच्या जाहिरातीही तिथल्या फलकावर लागतात.

पबात जाण्यापूर्वी

‘बार’ म्हटल्यावर आपल्या डोळ्यांसमोर जे अंधारं चित्र येतं ते दारातच सोडा. आयरिश पबात संध्याकाळी आजी-आजोबा येतात, मॅच बघायला घरंच्या घरं येतात, अंत्यविधीनंतर नातेवाईक जमतात. बाईमाणूस एकटी बसली तरी कोणी वळून पाहत नाही. सिगारेटच्या धुराचीही भीती नाही. कामाच्या जागी धूम्रपानाला देशभर बंदी घालणारा आयर्लंड हा जगातला पहिला देश, आणि ही बंदी २९ मार्च २००४ पासून पबांनाही लागू आहे.

वेटर टेबलाशी येईल म्हणून वाट पाहू नका. काउंटरपाशी जायचं, सांगायचं, पैसे द्यायचे आणि ग्लास स्वतः आणायचा. काउंटरवर टिप देण्याची पद्धत नाही. पूर्ण माप म्हणजे पाइंट, ५६८ मिलिलिटर. नुसतं ‘ग्लास’ म्हटलं की त्याच्या निम्मं मिळतं. गिनेस मागवलीत तर अर्धवट भरलेला ग्लास काउंटरवर तसाच ठेवलेला दिसेल. तो विसरलेला नसतो, फेस बसू दिलेला असतो. घाई करू नका.

पीत नसाल तर संकोच नको. सोडा-लिंबू, फळांचा रस, बिनअल्कोहोलची बिअर, बऱ्याच ठिकाणी चहासुद्धा मिळतो, आणि का पीत नाही हे कोणी विचारत नाही. मात्र काहीतरी विकत घ्या. सेशनला तिकीट नसतं. पबाच्या धंद्यावरच ते चालतं, आणि एका पाण्याच्या बाटलीवर दोघांनी तीन तास बसणं बरं दिसत नाही.

चार-पाच जणांच्या टोळक्यात बसलात तर ‘राउंड’ची रीत लक्षात ठेवा. एकेकाने आळीपाळीने सगळ्यांचं आणायचं. दुसऱ्यांनी आणलेलं घेत राहून स्वतःची पाळी चुकवणं तिथे फार वाईट समजतात. ते जमणार नसेल तर सुरुवातीलाच ‘माझं मी घेतो’ म्हणून मोकळं व्हा. यात कोणी वाईट वाटून घेत नाही.

नातवंडांना नेणार असाल तर कायदा असा: अठरा वर्षांखालच्यांनी रात्री नऊपर्यंत बाहेर पडायचं, मे ते सप्टेंबर या काळात दहापर्यंत. पंधरा वर्षांखालच्या मुलांसोबत मोठं माणूस हवंच. रात्रीचं सेशन बरेचदा नऊ-साडेनऊलाच रंगायला लागतं, म्हणून मुलांसाठी रविवार दुपारचं सेशन शोधा. बंद होण्याची वेळ सोमवार ते गुरुवार साडेअकरा, शुक्रवार-शनिवार साडेबारा आणि रविवारी अकरा. त्यानंतर हातातलं संपवायला अर्धा तास मिळतो.

शाकाहाऱ्यांनी घरून जेवून निघावं हेच उत्तम. पबांची स्वयंपाकघरं लवकर बंद होतात. भाजीचं सूपही कधीकधी कोंबडीच्या रश्शात शिजवलेलं असतं आणि चिप्स काही ठिकाणी प्राण्यांच्या चरबीत तळतात. विचारलं की खरं सांगतात, पण विचारायला हवं.

सेशन म्हणजे काय आणि कान कुठे लावायचा

पबाच्या एका कोपऱ्यात टेबलाभोवती पाच-सात जण वाद्यं घेऊन बसतात. मंच नसतो, माइक बहुधा नसतो, आणि वादकांची तोंडं श्रोत्यांकडे नसून एकमेकांकडे असतात. देवळात भजनी मंडळ गोल करून बसतं, ज्याला येतं तो टाळ घेऊन सामील होतो आणि बाकीचे ऐकतात, तसा हा प्रकार. एक-दोघांना पबाकडून मानधन मिळत असेल, बाकीचे हौसेने आलेले असतात.

ही प्रथा वाटते तितकी जुनी नाही. आयरिश सूर पूर्वी घरच्या चुलीपाशी आणि गावच्या चौकातल्या नाचात वाजत. पबात जमून वाजवणं दुसऱ्या महायुद्धानंतर लंडनमध्ये रुजलं, कामासाठी तिकडे गेलेल्या आयरिश मजुरांमध्ये, आणि मग ते मायदेशी पसरलं असं अभ्यासक मानतात. परदेशी राहणाऱ्या माणसांनी भाड्याच्या खोलीबाहेर स्वतःसाठी घडवलेली ही बैठक आहे. परदेशात गणपती बसवणाऱ्या मराठी घरांना ती समजायला जड जाऊ नये.

वाद्यं ओळखून ठेवा. फिडल म्हणजे व्हायोलिनच, फक्त वाजवण्याची ढब वेगळी. टिन व्हिसल ही पत्र्याची सहा भोकांची छोटी बासरी. लाकडी आडवी बासरी, बटणांचं अ‍ॅकॉर्डियन, कॉन्सर्टिना, बॅंजो ही बाकीची मंडळी. बौरान हे बकऱ्याच्या कातड्याचं एका बाजूने मढवलेलं चक्राकार तालवाद्य, आपल्या डफाच्या कुळातलं, पण आखूड दांडीने वाजवतात. आज ते आयरिश संगीताची खूण मानलं जात असलं तरी वाद्यवृंदात त्याला मानाची जागा मिळाली ती १९६० च्या दशकात संगीतकार शॉन ओ रीडा यांच्यामुळे. इलन पाइप्स मात्र खास. कोपराखाली भाता दाबून हवा भरतात, तोंडाने फुंकत नाहीत. युनेस्कोने २०१७ साली या वादनाची नोंद अमूर्त वारशात केली. ते वाजवणारा आलेला दिसला तर घरी जायची घाई करू नका.

पहिल्या वेळी सगळ्या चाली एकसारख्या वाटतात, ही तक्रार नेहमीची. उपाय सोपा आहे. चाल साधारण दोन भागांची असते. प्रत्येक भाग आठ मात्राखंडांचा आणि दोनदा वाजणारा. अशी पूर्ण चाल दोन-तीनदा झाली की वादक न थांबता दुसऱ्या चालीत उडी घेतात. दोन-तीन चालींचा मिळून एक ‘सेट’ होतो. तुम्ही फक्त त्या उडीची वाट पाहा. कोणीतरी मान वर करतं, नजर फिरवतं आणि एका क्षणात अख्खं टेबल नव्या चालीवर गेलेलं असतं. ते टिपता आलं की संध्याकाळ तुमची.

तालही मराठी कानाला परका नाही. जिग सहाच्या वजनात, तीन-तीनच्या दोन खंडांत चालते. मनात दादरा धरून पाहा, बसतो. रील चारच्या वजनात, द्रुत केरव्याच्या चालीने पळते. स्वरांचंही तसंच. पुष्कळ आयरिश चाली ज्या स्वरसप्तकांत बांधलेल्या असतात ती आपल्या बिलावल, खमाज आणि काफी थाटांशी स्वर न् स्वर जुळतात. आणखी एक साम्य असं की सगळे वादक एकच चाल एकत्र वाजवतात, पण मुरक्या-हरकती ज्याच्या त्याच्या. पाश्चात्त्य वाद्यवृंदात ऐकू येणारे स्वरांचे थर इथे मुख्य नसतात. म्हणून सिंफनीला कंटाळणारा आपला श्रोताही इथे रमू शकतो.

बैठकीचे नियम

वादकांच्या टेबलाशी रिकामी खुर्ची दिसली तरी बसू नका. ती यायच्या असलेल्या वादकाची असते. शेजारच्या टेबलाशी बसा.

चाल चालू असताना तालावर टाळ्या वाजवू नका. वीस जणांच्या टाळ्यांत लय ओढली जाते आणि वादक वैतागतात. पाय हलवा, सेट संपल्यावर हवं तेवढं वाजवा.

वादनाच्या वेळी हळू आवाजात गप्पा चालतात. पण कोणी एकट्याने, साथीशिवाय गायला लागलं की अख्खा पब गप्प होतो. आयरिश भाषेतल्या या जुन्या गायकीला शान नोस म्हणतात. त्या वेळी ग्लाससुद्धा जपून ठेवा.

मोबाइलवर चित्रण करायचं तर आधी विचारा, आणि एखाद्या सेटपुरतंच करा. फर्माईश करू नका. वादकांसाठी एक फेरी पाठवणं हे कौतुक त्यांना जास्त आवडतं.

गाण्याच्या बैठकीत जो गातो तो पुढच्याला बोलावतो, अशी एक छान रीत आहे. परका पाहुणा दिसला की बोलावणं तुमच्याकडेही येऊ शकतं. तयारीत असा. दोन मिनिटांचा अभंग, ओवी, एखादं कोळीगीत, काहीही चालेल. आधी एका वाक्यात सांगायचं की हे कशाबद्दल आहे, आणि गायचं. सूर थोडा हलला तरी चालतो. नाही म्हणून खाली बघत बसणं तेवढं टाळा.

गप्पांसाठी कोकणकरांकडे हुकमी विषय आहे. २०१७ साली आयर्लंडचे पंतप्रधान झालेले लिओ वराडकर यांचे वडील अशोक वराडकर हे मालवण तालुक्यातल्या वराड गावचे डॉक्टर. लिओ स्वतः डिसेंबर २०१९ मध्ये गावी येऊन गेले. त्यांच्या राजकारणावर शेजाऱ्याचं मत काहीही असो, गाव कुठलं हे सांगितलंत की बोलणं सुरू होतं. उत्तर आयर्लंडचा प्रश्न मात्र आपण होऊन उकरू नका, आणि कोणाला चुकून ब्रिटिश म्हणू नका.

कुठे जायचं

पाटी वाचायला शिका. ‘लाइव्ह म्युझिक’ लिहिलेलं असेल तर स्पीकर लावून गिटारवर लोकप्रिय गाणी गाणारा कलाकार असण्याचा संभव जास्त. ‘ट्रॅड सेशन’ लिहिलेलं असेल तर वर वर्णन केलेली बैठक. दोन्ही मजेच्या, पण अपेक्षा वेगळी ठेवा.

गावातलं नॉर्थ स्ट्रँडवरचं कार्बरीज हे नाव पारंपरिक संगीताच्या जाणकारांत दूरवर माहीत आहे. पीटर स्ट्रीटच्या कोपऱ्यावरचं क्लार्क्स जुन्या लाकडी बांधणीचं. अशा जुन्या पबांत ‘स्नग’ असतो, म्हणजे काउंटरलगतची आडोशाची छोटी खोली. ज्यांना गर्दीत अवघडल्यासारखं होतं त्यांनी सुरुवात तिथून करावी. लॉरेन्स स्ट्रीटवरच्या मॅकफेल्समध्ये तरुण मंडळी आणि बॅंडचा आवाज जास्त. कुठे कोणत्या वारी सेशन आहे हे हंगामानुसार बदलतं, म्हणून दुपारी शांत वेळेला पबात जाऊन काउंटरवर सरळ विचारा. तेवढ्यात ओळखही होते.

परतताना गाडी चालवणारा थेंबभरही घेणार नाही हे घरातच ठरवा. रक्तातल्या अल्कोहोलची मर्यादा कडक आहे आणि रस्त्यात तपासणी होते. नाहीतर पबातूनच टॅक्सी बोलवा.

पायी होणारे दिवस

गाव एका दिवसात उरकू नका. नदीच्या दोन्ही काठांवर पूर्वी दोन स्वतंत्र गावं होती. ती १४१२ साली एक झाली. फिरण्याचेही तसेच दोन भाग करा.

उत्तर काठावर तेराव्या शतकातलं सेंट लॉरेन्स गेट, जवळच जुन्या फ्रान्सिस्कन चर्चमध्ये भरलेलं हायलेन्स हे कलादालन आणि वेस्ट स्ट्रीटवरचं सेंट पीटर्स चर्च. या चर्चमध्ये आर्चबिशप ऑलिव्हर प्लंकेट यांचं शिर काचेच्या पेटीत जपलेलं आहे. त्यांना १६८१ मध्ये लंडनला फाशी दिलं गेलं आणि १९७५ मध्ये संतपद मिळालं. लहान मुलांना आधी कल्पना देऊन न्या.

दक्षिण काठावर मिलमाउंटची टेकडी. वरच्या गोल बुरुजाला गावकरी ‘कप-बशी’ म्हणतात. १८०८ च्या सुमारास बांधलेला हा बुरुज १९२२ च्या यादवीत तोफांनी फोडला गेला, नंतर पुन्हा उभारला. शेजारच्या संग्रहालयात गावाचा इतिहास आहे. १६४९ मध्ये इंग्रज सेनापती क्रॉमवेलच्या सैन्याने इथे केलेली कत्तल आयर्लंडमध्ये आजही विसरलेले नाहीत. वरून बॉइनवरचा रेल्वेपूल दिसतो. अभियंता जॉन मॅकनील यांच्या आराखड्यातला हा पूल १८५५ मध्ये पुरा झाला.

तिसरी फेरी नदीकाठाने ओल्डब्रिजपर्यंत. सपाट वाट आहे, गुडघ्यांना सोसवते. ओल्डब्रिजला १६९० साली दोन राजांची लढाई झाली. विल्यमने सासऱ्याचा, दुसऱ्या जेम्सचा पराभव केला, आणि उत्तर आयर्लंडमधल्या मिरवणुका त्या विजयाची आठवण दर जुलैत काढतात. तिथलं माहिती केंद्र बघा, बागेत डबा खा आणि परत या.

अर्ध्या दिवसाच्या सहली

पहिलं नाव ब्रू ना बोन्या, म्हणजे न्यूग्रेंज, नाउथ आणि डाउथ या महासमाध्यांचा परिसर. १९९३ पासून जागतिक वारसा. न्यूग्रेंज इसवी सनापूर्वी ३२०० च्या आसपास बांधलं गेलं, गिझाच्या पिरॅमिडांच्याही आधी. सुमारे ८५ मीटर व्यासाचा ढीग, पायाशी ९७ शिळा, आत १९ मीटरची अरुंद वाट. दाराच्या वर एक झरोका आहे. हिवाळ्यातल्या सर्वांत लहान दिवसांत उगवत्या सूर्याचा किरण त्यातून आत शिरतो आणि साधारण सतरा मिनिटं गाभारा उजळतो. उत्खनन करणारे प्राध्यापक मायकेल ओ'केली यांनी हे १९६७ च्या डिसेंबरात प्रत्यक्ष पाहिलं. त्या सकाळी आत जाण्यासाठी दरवर्षी सोडत काढतात. एरवीच्या फेरीत दिवा लावून तो देखावा सगळ्यांनाच दाखवतात.

समाधीपाशी थेट गाडी नेता येत नाही. नदीच्या दक्षिण काठावर, डोनोरजवळ, माहिती केंद्र आहे आणि तिथल्याच बसने पुढे नेतात. जागा मर्यादित असतात, उन्हाळ्यात आठवडे आधी भरतात, म्हणून तिकीट ऑनलाइन काढून मगच निघा. आतली वाट अंगाला घासेल इतकी अरुंद आहे. दम लागणाऱ्यांनी किंवा बंद जागेची भीती असणाऱ्यांनी बाहेरच थांबावं. कोरीव शिळा बाहेरही पाहता येतात, आणि नाउथला तर त्यांची रेलचेल आहे.

दुसरी सहल समुद्राची. ड्रोहेडाहून डब्लिनकडे जाताना पहिलंच स्थानक लेटाउन. इथल्या वाळूत भरतीओहोटी बघून वर्षातून एकदा घोड्यांच्या अधिकृत शर्यती होतात, त्यांचा इतिहास १८६८ पर्यंत मागे जातो. किनाऱ्याने चालत गेलात की बेटीस्टाउन. १८५० मध्ये याच किनाऱ्यावर आठव्या शतकातला ‘तारा ब्रूच’ सापडला. तो आता डब्लिनच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे. आधी किनारा, मग संग्रहालय, असा क्रम लावा.

तिसरी मुलांच्या गाडीने, शनिवारी: मोनास्टरबॉइस आणि मेलिफॉन्ट. दोन्ही गावापासून दहा-बारा किलोमीटरच्या आत. मोनास्टरबॉइसला तिकीट नाही. स्मशानभूमीत गोल मनोरा आणि हजार वर्षांपूर्वीचे उंच दगडी क्रूस. मुइरेडाखच्या क्रूसावर बायबलमधले प्रसंग कोरलेत. अंतिम निवाड्याच्या चौकटीत हार्प वाजवणारा दाविद शोधा आणि बुंध्याशी बसलेली मांजरं नातवंडांना शोधू द्या. मेलिफॉन्ट हा आयर्लंडमधला पहिला सिस्टर्शियन मठ, स्थापना ११४२. भिक्षूंच्या हातपाय धुण्याची अष्टकोनी इमारत अर्धवट उभी आहे.

पूर्ण दिवसाच्या सहली

डब्लिनला रेल्वेने पाऊण तास ते तास. जाताना डावीकडे बसा, समुद्र त्या बाजूला राहतो. राष्ट्रीय संग्रहालय, राष्ट्रीय कलादालन आणि डब्लिन कासलच्या आवारातलं चेस्टर बीटी ही तिन्ही मोफत. चेस्टर बीटीत मुघल चित्रांचा उत्तम संग्रह आहे. सोमवार टाळा, संग्रहालयांच्या वेळा त्या दिवशी तोकड्या असतात. संगीताची ओढ लागली असेल तर मेरियन स्क्वेअरवरचं पारंपरिक संगीताचं अभिलेखागार बघा. १९८७ मध्ये स्थापन झालेल्या या संस्थेत ध्वनिमुद्रणं ऐकायला मिळतात. टेंपल बारचा भाग पाहून घ्या, पण तिथे ग्लास महाग आणि गोंगाट फार. त्यापेक्षा स्मिथफील्डचं कॉबलस्टोन गाठा. २०२१ मध्ये या पबाच्या जागेवर हॉटेल बांधण्याचा घाट घातला गेला तेव्हा वादक रस्त्यावर उतरले आणि महापालिकेने परवानगी नाकारली. परतीच्या शेवटच्या गाडीची वेळ आधी बघून ठेवा.

मीथ काउंटीत ट्रिमचा नॉर्मन किल्ला, ताराची टेकडी आणि स्लेन हे एका दिवसात मुलांच्या गाडीने होतं. मुलांना ट्रिम आवडतं, ‘ब्रेव्हहार्ट’चं चित्रीकरण तिथे झालं होतं.

बेलफास्टची गाडी ड्रोहेडालाच थांबते, आणि स्थानक सोडताच बॉइनच्या पुलावर येते. डावीकडच्या खिडकीतून खाली गाव दिसतं. पण तिकीट काढण्यापूर्वी पासपोर्ट उघडा. बेलफास्ट युनायटेड किंगडममध्ये आहे. सीमेवर चौकी दिसत नाही, म्हणून व्हिसा लागत नाही असं नाही. भारतीय नागरिकाला ब्रिटनचा व्हिसा हवा, किंवा भारतात काढलेल्या आयरिश व्हिसावर ब्रिटिश-आयरिश योजनेचा ‘बीआयव्हीएस’ शिक्का हवा. परतताना गाडीत तपासणी होऊ शकते. वैद्यकीय विमा तिकडेही चालतो का तेही पाहा. तिथे पौंड चालतो. सुरुवातीला सांगितलेला ‘फ्ला’ संगीतमेळा २०२६ साली बेलफास्टलाच ठरलेला आहे, तेव्हा त्या उन्हाळ्यात येणाऱ्यांनी हा शिक्का भारतातूनच घ्यावा.

चार व्यवहाराच्या गोष्टी

आयर्लंड शेंगेन करारात नाही, त्यामुळे शेंगेन व्हिसा इथे चालत नाही. आयरिश अल्पकालीन व्हिसावर जास्तीत जास्त ९० दिवस राहता येतं.

ज्येष्ठांना मोफत प्रवास आहे असं कोणी सांगेल. ती सवलत तिथे कायम राहणाऱ्यांसाठी आहे, पाहुण्यांसाठी नाही. लीप कार्ड काढा, डब्लिनच्या बस-ट्रामला रोख तिकिटापेक्षा स्वस्त पडतं. न्यूग्रेंज, ओल्डब्रिज, ट्रिम अशी सरकारी ठिकाणं पाहणार असाल तर वर्षभराचं हेरिटेज कार्ड मिळतं. त्यावरही न्यूग्रेंजची वेळ आधी राखून ठेवावीच लागते.

जूनमध्ये सूर्य रात्री दहाच्या सुमाराला मावळतो, डिसेंबरात चारच्या सुमाराला. उन्हाळ्यात जेवून नदीकाठी फिरून मग पबात जा. हिवाळ्यात सहल सकाळीच आटपा. वाऱ्यात छत्री उलटते, टोपीचं जलरोधक जाकीट घ्या. तातडीच्या मदतीचा क्रमांक ११२.

शेवटी एकच विनंती. पोहोचलात की पहिल्या आठवड्यातच दोन कामं करा: न्यूग्रेंजचं तिकीट राखून ठेवा आणि जवळच्या पबात जाऊन सेशनचा वार विचारून घ्या. पहिल्या संध्याकाळी सगळं एकसारखं वाटलं तरी निकाल देऊ नका. निदान तीन वेळा त्याच वारी, त्याच पबात जा, आणि मगच आवडलं की नाही ते ठरवा.